बिनदोरीचा बरमा

सोमल्या, तुझी दोरी अजून शाळेच्या खोलीत खुंटीलाच आहे. तुला जाऊन महिना उलटला. तांड्यावरचं सगळं आटोपलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि मी बोरी अरबच्या या बिनछपराच्या शाळेत आपल्या दोघांच्या ठेक्याचं उरलेलं काम घेऊन बसलोय. त्या दिवशी लोक म्हणाले, सुदाम, तुझा भागीदार होता, दोन शब्द बोल. मी बोललो नाही. तू किती भला होतास ते तांड्याला माहीत होतं, आणि किती हट्टी होतास ते फक्त मला. हट्टी माणसाशी चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून हे लिहितो आहे. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे मधेच तोंड घालून वाद करशील ही भीती नाही. निदान लिहायला बसलो तेव्हा तरी असं वाटत होतं.

आपलं काम दोघांचं होतं. दारं-खिडक्या तू एकटा करायचास, मीही करायचो. पण जाड तुळईला बोल्टसाठी आरपार भोक पाडायचं म्हटलं की सामता काढावा लागे, आणि आपला सामता, दोरीचा बरमा, एकट्याचा नव्हता. लाकडी दंडा, खाली पोलादी टोक, वर करवंटी. करवंटीवर माझे दोन्ही तळवे आणि छातीचा भार. दंड्याला दोरीचा वेढा आणि दोरीची दोन्ही टोकं समोर बसलेल्या तुझ्या हातात. एकदा डावीकडून ओढ, एकदा उजवीकडून. रस्त्याने जाणाऱ्या बाया हसायच्या, म्हणायच्या, हे सुतार आहेत की ताक करून राह्यले?

ओढता ओढता कधी तुझे हात थांबायचे. मला वरून काही कळत नसे, मला फक्त वजन कळायचं. तू मान जरा तिरपी करायचास, दारात कोणी आलंय का ते ऐकल्यासारखी, आणि तुमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत म्हणायचास, "कोई छ." कोणीतरी आहे. गाठ असो, चीर असो, झाडाने कधीकाळी गिळलेला खिळा असो, तुझ्या लेखी आत कोणीतरी असायचं. आणि दोरी शेवटपर्यंत एकसारखी चालली, टोक पलीकडे निघालं, की म्हणायचास, "कोई छेनी." कोणी नाही. म्हणजे लाकूड सच्चं. मग दोरी टाकून आपण चहाला उठायचो. इतक्या वर्षांत तुमच्या बोलीतली ही दोनच वाक्यं मला नीट आली, आणि धंद्याला तेवढी पुरली.

मी चिडवायचो, "काय बे, पाहुणे मोजून राह्यला काय?"

"पाहुणा नाई भिया, घरमालक. आपण त्याच्या घरात भोकं पाडून राह्यलो."

छप्पन साली मी दीक्षा घेतली. भूत, देवी, अंगात येणं, सगळं त्या दिवशी सोडून दिलं. तू ते मानायचास आणि माझं न मानणंही मानायचास. दसऱ्याला तू हत्यारांपुढे गूळ ठेवायचास, मी त्याच दिवशी त्यांना तेल द्यायचो. "तुह्या हत्याराले भूक लागते, माह्या हत्याराले गंज लागते," असं मी म्हणालो की तू तो गुळाचा खडा माझ्या तोंडात कोंबायचास. मी खायचो. गुळाशी माझं काही भांडण नव्हतं.

आता बरम्याचं बोलू. तो वाद अर्धा राहिला आहे.

या शाळेचा ठेका मिळाला तेव्हा मीच म्हणालो, नवं हत्यार घेऊ. छपराचा सगळा भार कैच्यांच्या तिकोनी सांगाड्यांवर, आणि एकेका कैचीला भोकंच भोकं. सामत्याने करत बसलो तर पोरं म्हातारी होतील. दारव्ह्याहून छोट्या आगगाडीने आपण यवतमाळला गेलो. दुकानदाराने आधी विजेचा बरमा काढला. आपल्या बोरीत तेव्हा नुसते खांब आलेले, तार यायची होती. पण बघायला काय जातं म्हणून बघितला. त्याची काळी वायर तू हातात घेतलीस, वास घेतलास आणि म्हणालास, "याले बी दोरीच हाय की शेठ. ओढणारा दूर बसला एवढंच. त्यानं मधात हात सोडला तं?"

शेठ पोट धरून हसला. मग त्याने दुसरा काढला, चाकाचा. छातीला लावायचा, मूठ धरून हाताने चाक फिरवायचं, दात दातात बसून टोक फिरणार. "मग हा घ्या," म्हणाला, "बिनदोरीचा. एका माणसाचं काम."

एका माणसाचं काम म्हटल्यावर तू माझ्याकडे बघितलंस. मी बरम्याकडे बघत होतो.

हत्यार पारखायला मला कोणी शिकवू नये. चाकाचे दात मी नखाने चाचपले. जबड्यात आधी बारीक खिळा धरून पाहिला, मग जाड. दोन्ही वेळा टोक मधोमध. उलटा फिरवला, कुठे डुगडुग नाही. मूठ सांध्यात पक्की बसलेली. ठेक्याच्या कामात हत्यार दिसायला कसं आहे याला कोणी विचारत नाही. पावसात भिजलं, लाकडी घोडीवरून खाली पडलं आणि दुसऱ्या दिवशी तसंच फिरलं, तर ते भरवशाचं. हा तसा होता. तू मात्र तो कानाला लावलास आणि डोळे मिटून चाक फिरवत राहिलास. दुकानातलं गिऱ्हाईक थांबून बघायला लागलं. मला लाज वाटली.

"सारं चांगलं हाय," तू म्हणालास, "पण मुकं हाय."

"हत्यार कायले बोलते बे?"

"हत्यार नाई बोलत. लाकूड बोलते, ते दोरीतून हातात येते. हे मधात बसून त्याचं तोंड दाबते."

मी तो घेतलाच. परतीच्या गाडीत तू तो मांडीवर धरून बसलास, दुसऱ्याचं लेकरू सांभाळायला दिल्यासारखा.

कैच्या सागवानाच्या झाल्या. शेवटच्या कैचीला सागवान पुरलं नाही, म्हणून खालची आडवी तुळई ऐनाची आणली. जंगलखात्याच्या डेपोचा ठप्पा होता. सरळ होती, कुठे भोक नाही की भेग नाही, हातोडी मारली तर खणखण वाजायची. पहिलं भोक सामत्यानेच पाडायचं असा तू हट्ट धरलास. मी करवंटी धरली. अर्ध्यावर तुझे हात थांबले.

"कोई छ."

"गाठ असंन."

"गाठ नाई. गाठ अडवते. हे तं बोलावून राह्यलं."

माझ्या अंगावर काटा आला, आणि काटा आला म्हणून राग आला. "काहून उगाच काही बोलतं बे? बरमा घेतला म्हणून तुले पोटात दुखते, तसं सांग ना!"

तू चिडला नाहीस. चिडला असतास तर बरं झालं असतं. दोरीचा वेढा सोडलास, ती गुंडाळून खुंटीला लावलीस आणि जाता जाता म्हणालास, "हे तुळई वर चढवू नको भिया. खाली पोरं बसतीन."

मला वाटलं, सकाळी येईल तेव्हा बोलू. सकाळी तुझा ताप आल्याचा निरोप आला. मी म्हणालो, येऊ दे, जरा आराम होईल त्याला. मग पुन्हा निरोप आला तो मी अडाण नदी ओलांडून धावत यावं असा, आणि मी पोचलो तेव्हा लांबूनच बायांचं रडणं ऐकू आलं. मी चुकलो असं मी आजही म्हणत नाही. बाहेरून तुळई निर्दोष होती, आणि तुझा बरम्यावर राग होताच. पण तुझ्या त्या बोलण्याला मी उत्तर दिलं नव्हतं. ते उत्तर तोंडात तसंच घेऊन मी तुझ्या अंगणात उभा राहिलो.

पंधरवड्याने काम पुन्हा धरलं. दिवाळीनंतर शाळा भरायची आहे, सरपंच रोज विचारून जातात. तुझं अर्धवट भोक मी तसंच ठेवलं, का ते विचारू नकोस. तुळई पालथी करून दुसऱ्या भोकाच्या खुणेला बरमा लावला. सरसर गेला. कुठे अडला नाही, कुठे थबकला नाही, आरपार. मी मोठ्याने म्हणालो, "पाह्य!" आणि मग लक्षात आलं की बघायला कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत आलो तर तू बसायचास त्या जागी भुकटीचा छोटासा ढीग. बरम्याचा कीस कसा असतो तुला माहीत आहे, वळणावळणाचा. सामत्याची मात्र भुकटी पडते, पिठासारखी. ही पिठासारखी होती, आणि सामता पेटीत होता. मी वर पाहिलं. तुझं अर्धवट भोक आता पालथ्या तुळईच्या खालच्या अंगाला आलं होतं, आणि ढीग बरोबर त्याच्याखाली. असेल आधीची अडकलेली, म्हणून झाडून टाकली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच, तिथेच.

मग मी तुळईला कान लावला.

कर्र. थांबलं. कर्र. थांबलं. एक ओढ डावीकडून, एक उजवीकडून. चार-दोन ओढी झाल्या की जरा लांब थांबणं, तू तंबाखूची गोळी या गालातून त्या गालात न्यायला थांबायचास तेवढंच. डोक्यावर ऊन होतं, छप्पर नव्हतं, भिंतीला सावलीसुद्धा नव्हती. भुतांना निदान अंधार लागतो असं लहानपणी ऐकलं होतं. मी भूत मानत नाही. पण मी घाबरलो होतो, हे मानतो. सवयीने तोंडून निघून गेलं, "सोमल्या, सावकाश ओढ."

आवाज थांबला.

मी कान तसाच लावून ठेवला. बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू झाला, आणि तुझी शपथ, आधीपेक्षा सावकाश.

मी सुतार आहे. लाकडात किडा असतो, तो कुरतडतो, भुकटी टाकतो, चाहूल लागली की गप्प होतो, हे मला कळत नव्हतं असं नाही. पटाशी हाताशी होती. चार घाव घातले असते तर काय ते दिसलं असतं. आत काही नसतं तर तुळई बिनघोर चढवता आली असती, असतं तर बदलून आणता आली असती. खाली पोरं बसायची आहेत, इतकं सरळ होतं ते. तरी मी पटाशी उचलत नव्हतो. सरपंचांना म्हणालो, लाकूड जरा वाळू देतो. दुपारी बायको भाकरी घेऊन यायची ती दारातूनच परत पाठवायचो, का तर तिच्या पावलांनी आवाज थांबायचा. भाकरी खाता खाता कान लावून बसायचो. भीती हळूहळू गेली होती. वेगळंच काही आलं होतं. आत किडा निघाला असता, सोमल्या, तर मग तू तिथे नसतास.

अशाच एका दुपारी तुझी बायको, झमकू वहिनी, आली. तू गेल्यापासून तिला मी पाहिलं नव्हतं. दारात उभी राहिली, म्हणाली, "हत्यारं ठेवा भाऊजी, ते तुमचेच. दोरी द्या. अंबाडी मी सोलली होती, वळली बी मीच. माह्या हातची हाय."

दोरी काढून देणार तेवढ्यात काय मनात आलं कोण जाणे, मी म्हणालो, "वहिनी, एक डाव ओढून पाह्यता?"

"मी?"

"तुमच्याच हातची हाय म्हणता ना."

तुझ्या जागेवरची भुकटी तिने हाताने बाजूला केली आणि बसली. मी तुळई पुन्हा उलटवली, तुझ्या अर्धवट भोकात टोक बसवलं, करवंटीवर भार दिला. तिने ओढायला सुरुवात केली. हातात बांगड्या नव्हत्या, त्यामुळे खोलीत दोरीचाच काय तो आवाज. आधी अडखळत, मग लागोपाठ. आणि मग हात थांबले. मी वर पाहिलं. मान तिरपी होती, अगदी तशीच.

"काहून थांबल्या?"

"मी नाई थांबली. दोरी थांबली." मग अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं, "कोई छ."

"हे तुमाले सोमल्यानं शिकवलं काय?"

"काय शिकवलं?" ती म्हणाली. "घरी तं कामाचं कधी बोलेच नाई तो." दोरी तिने सोडली नव्हती. मग म्हणाली, "फोडा भाऊजी. असा किती दिवस ठेवसान त्याले?"

मी पटाशी घेतली. वरचं लाकूड चांगलं बोटभर जाड, कठीण. आणि मग पटाशी एकदम आत गेली. हातभर लांब पोकळी, पिठाने गच्च भरलेली. मी पाडलेलं बरम्याचं भोक याच पोकळीच्या कडेतून आरपार गेलं होतं, आणि बरम्याने मला काही सांगितलं नव्हतं. मुकं आहे म्हणालास, ते खरं निघालं. ही तुळई चढली असती तर एखाद्या पावसाळ्यात, पोरं पाढे म्हणत असताना, बसली असती खाली. पिठाच्या मधोमध अंगठ्याएवढी पांढरी अळी उन्हाने अंग आखडून घेत होती.

वहिनी वाकून बघत होती. पोकळीत बोट घातलं, पीठ उकरलं, अगदी टोकापर्यंत शोधलं. "एवढंच?" ती म्हणाली.

तिलाही दुसरंच कोणी भेटायला हवं होतं. तेव्हा मला रडू आलं. तांड्यावर नव्हतं आलं, तिथे आलं, फुटक्या तुळईसमोर. वहिनीने अळी काडीने उचलून भिंतीपलीकडे टाकली, तिथे कोंबड्या होत्या. किडा होता, मान्य. पण किडा तंबाखू कधीपासून खायला लागला, ते तू मला सांग. दीक्षा घेतलेल्या माणसाने याचं उत्तर शोधत बसू नये असं बायको म्हणते.

ठप्पा दाखवून डेपोतून दुसरी तुळई आणली. बाहेरून ती हुबेहूब पहिलीसारखीच. बरमा मी टाकलेला नाही, हे ऐकून ठेव. दारांच्या बिजागऱ्यांना, खिडक्यांच्या गजांना तोच लावणार. त्या कामाला त्याच्यासारखा दुसरा भरवसा नाही, आणि इथे तू हरलास. तुळईला मात्र लावणार नाही. तिथे मी हरलो. वाद निम्मा निम्मा वाटून घेऊ.

नवी तुळई घोडीवर चढवली त्या दिवशी मी बोलावलं नव्हतं, तरी वहिनी आली. दोरी तिने नेलीच नव्हती. खुंटीवरून काढली, तुझ्या जागेवर बसली. "पोरं बसतीन खाली," एवढंच म्हणाली. तुझं वाक्य मी तिला सांगितलेलं नव्हतं.

मी करवंटीवर तळवे ठेवले. ती ओढत गेली. अर्धं झालं, आणि आम्ही दोघंही वाट बघत होतो, हे मला कळत होतं. दोरी थांबली नाही. एकसारखी चालत राहिली, पुढे, आणखी पुढे, आणि टोक पलीकडे निघालं. वहिनीने टोकं मांडीवर ठेवली. डोळे खालीच होते.

"कोई छेनी," ती म्हणाली.

सोमल्या, हे ऐकलं की आपण चहाला उठायचो रे. मला उठता आलं नाही. वहिनी पदर तोंडाशी धरून बाहेर गेल्यावर मी तुळईला कान लावला आणि उन्हं उतरेपर्यंत तसाच राहिलो. एकदा हाकही मारली. छपराची काळजी करू नकोस, पोरं बिनधास्त बसतील. लाकूड सच्चं आहे. आत कोणी नाही.